बाकी

महाप्याच्या गेटवर मोबाईल जमा करावा लागतो,
म्हणून रात्री माझ्याकडे पेन असतं
आणि जुन्या व्हिजिटर रजिस्टरची कोरी पाठ.

खिशात बाबाच्या पावतीची झेरॉक्स.
पदू हाशा मढवी, मौजे घणसोली,
अर्ज क्रमांक ७६४०४५९.
शहात्तर लाख चाळीस हजार चारशे एकोणसाठ.
खिडकीपाशी बाबा हा आकडा
पाढ्यासारखा घडाघडा म्हणायचा
आणि आतला माणूस मान न उचलता म्हणायचा,
अजून नाही आला.

पहिल्या रात्री दोनने भागलं. एक उरला.
तीनसाठी अंक मिळवले, पस्तीस झाले, नाही जात.
पाचचा प्रश्नच नव्हता.
सातपाशी हात थांबला,
कारण बाबा धरून भावंडं सात.
प्रत्येकाला दहा लाख एक्क्याण्णव हजार चारशे चौऱ्याण्णव,
आणि एक उरला.
आमच्यातही एक उरलंच होतं,
खाजणाकडच्या बांधावरचं उंबराचं झाड.
धाकटा काका त्यावरून अजून बोलत नाही.

अकरा, बाकी दोन.
तेरा, बाकी आठ.
सतरा, बाकी पुन्हा तेरा.

शाळेत पाठ केलेल्या मूळ संख्या आठवड्यात संपल्या.
मग आधी त्या पाखडून काढायच्या,
आय सुपात तांदूळ पाखडते तशा,
आणि मग एकेकीने भागायचं.
आय विचारते, त्या आकऱ्याला पोट हाय का रं?
रोज भाकरी बांधून मात्र देते.

पाठीमागे काचेच्या इमारतीत
मशिनं थंड हवेत गुरगुरतात.
रात्रपाळीची शर्वाणी मॅडम चहाला बाहेर येते.
तिने सांगितलं, आतली सगळी कुलपं आकड्यांची.
दोन अवाढव्य मूळ संख्या घ्यायच्या, गुणायच्या,
गुणाकार चारचौघांत ठेवायचा,
त्या दोघींना मात्र लपवायचं.
गुणायला पळभर, फोडायला जन्म पुरत नाही.
माझा कागद पाहून हसली.
हा तर पापणी लवायच्या आत फुटेल. टाकू?
नको म्हटलं.
बरं, मग २७६४ पर्यंत जा, म्हणाली,
त्याच्या पुढे वर्गमूळ संपतं.
तिथवर कोणी भेटलं नाही तर हाच मूळ.

त्यानंतर मला वाटू लागलं, मूळच निघावा.
ज्याचे वाटे पडत नाहीत असं काहीतरी
बाबाच्या नावावर असावं.

तीनशे सत्तावन्न जणी परत गेल्या.
तीनशे अठ्ठावन्नावी २४११.
पारसिकचा डोंगर अजून काळाच होता,
भागाकार एकेक ओळ खाली उतरला
आणि तळाशी शून्य.
वर ३१६९.
नवाचा ताळा घेतला. जुळला.
पुन्हा घेतला.

मॅडमला दाखवलं तेव्हा मी फार बोललो नाही.
तिने कागद उलटा केला, एक चौरस काढला,
बाजू लिहिली २७९०.
कोपऱ्यात छोटा चौरस, बाजू ३७९, तो खोडला.
उरलं तेवढाच तुझा आकडा, म्हणाली.
दोन चौरसांची बेरीज तो कधीच होणार नाही,
चारने भागून तीन उरतात त्यांना ते जमत नाही.
वजाबाकी मात्र आहे.

ती आत गेली. मी बघत बसलो.
कोपरा कापलेलं शेत.
तो कोपरा कुठे येतो ते मला माहीत होतं.
त्याच्याच तोंडाशी खुर्ची टाकून
मी सहा वर्षं बसतोय.

पावणेसहाला पहिली गाडी आली.
वेळ लिहिली, नाव लिहिलं, नंबर लिहिला.
सम होता. दोनने जातो.
सोडला.